तुम्ही विचारा: ३००० वॅटची घेऊ की ४० वॅटची?

प्रश्न: नमस्कार. माझी खोली दहा बाय बारा फुटांची, त्यात पलंग, टेबल, पुस्तकांचं कपाट, म्हणजे मोठे स्पीकर ठेवायचा प्रश्नच नाही. छोटी स्टिरिओ सिस्टीम घ्यायचीये. दोन बघून ठेवल्यात, एकीवर ३००० वॅट लिहिलंय आणि दुसरीवर नुसतं २० अधिक २०, आकाराने जवळपास सारख्याच. भाऊ म्हणतो डोळे झाकून पहिली घे. माझ्याकडे सीडी बऱ्याच आहेत, बाकी सगळं फोनवरून ब्लूटूथने ऐकते. काय करू?

उत्तर: भावाला सांगा आधी डोळे उघड म्हणून. ते ३००० वॅट म्हणजे पीएमपीओ असणार, म्हणजे क्षणभरासाठी मिळू शकेल असं सांगितलेली कमाल ताकद, हा आकडा ज्याला जसा हवा तसा काढता येतो, त्याला धड नियमच नाही. दुकानात सिस्टीम उलटी करून मागचं लेबल वाचा, वीज किती लागते ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे ६० वॅट असेल तर भिंतीतून ६० घेणारं यंत्र स्पीकरला सतत ३००० कुठून देणार? तुम्हाला बघायचाय तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. त्यातही शेजारी बारीक अक्षरात '१०% टीएचडी' (टीएचडी म्हणजे आवाज किती बिघडतो ते) असं असेल तर तेवढे वॅट आवाज चांगलाच फाटल्यावर मिळतात असं समजा, १% किंवा त्याहून कमीवर मोजलेला आकडा जास्त प्रामाणिक.

आणि खरं सांगू का, तुमच्या खोलीला २० अधिक २० भरपूर झाले. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला 'हां, थोडा वाढला' एवढंच वाटतं, दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी विचारा, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती मोठा वाजतो ते, ८८ डेसिबलवाला २० वॅटवर जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८५ वाल्याला ४० लागतात. हा आकडा सेल्समनला बहुतेक वेळा माहीत नसतो, पण विचारायला काय जातंय.

मी असतो तर वॅट सोडून दोन गोष्टी बघितल्या असत्या. एक, स्पीकर सुटे हवेत आणि त्यांच्या वायरी साध्या, म्हणजे उद्या नुसते स्पीकर बदलता येतात, काही सिस्टीमना स्वतःचाच वेगळा प्लग असतो, तिथे अडकायला होतं. दुसरी, मागे ऑक्स किंवा ऑप्टिकल इनपुट, म्हणजे बाहेरचं यंत्र वायरने जोडायची जागा, हवाच, कारण सीडीचा फिरणारा भाग आधी दगा देतो आणि मग बाकी धडधाकट सिस्टीम नुसती पडून राहते.

ऐकायला जाताना स्वतःची पाठ झालेली सीडी न्या, दुकानातला धडामधुडुम डेमो नको. आवाज अगदी हळू ठेवा आणि गाणारा माणूस दोन स्पीकरच्या बरोब्बर मधे उभा आहे असं वाटतंय का बघा.

घरी आल्यावर लाल-काळी वायर नीट लावा, प्लीज. मी एकदा एकाच स्पीकरची उलटी लावली आणि चार महिने 'या सिस्टीमला बेसच नाही' म्हणून कुरकुरत बसलो होतो, एक स्पीकर हवा पुढे ढकलतोय आणि दुसरा मागे ओढतोय, बेस राहणार कसा. सुलटी केल्यावर घरातल्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते जाऊ दे.

प्रश्न: ब्लूटूथने क्वालिटी जाते का?

उत्तर: थोडी जाते, पण छोट्या स्पीकरवर पटकन कळत नाही. बऱ्याचदा गुन्हेगार वेगळाच असतो, फोनचा व्हॉल्यूम अर्धा आणि सिस्टीमचा फुल. उलट करून बघा.

प्रश्न: कपाटात ठेवलेले स्पीकर घुमतात, बोलणं ऐकूच येत नाही. वेगळा सबवूफर घेऊ का?

उत्तर: अहो, बेस जास्त झालाय म्हणून तर घुमतायत, त्यात आणखी सबवूफर कशाला! कोपरा आणि भिंत बेस फुगवतात. स्पीकर कपाटातून काढून भिंतीपासून हातभर पुढे घ्या, ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ दे, दोन स्पीकरमधे जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर तुम्ही बसा. कपाटातच ठेवणं भाग असेल तर निदान कडेपर्यंत पुढे ओढा, आणि मागे बेस पोर्टचं भोक असेल तर त्यात एक मोजा कोंबून बघा, धुतलेला.