कलाकृतीची किंमत, मूल्य आणि भाव

बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेतील एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे : संकल्पनात्मक कलेवरील (जिच्यात वस्तूपेक्षा तिच्यामागची कल्पना महत्त्वाची असते, त्या कलेवरील) मराठी टिपणात कलाकृतीची ‘किंमत’ लिहावी की तिचे ‘मूल्य’? कोशात दोन्ही शब्द एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले असताना भेद करायला आधार काय?

आधार रूढ वापरातच आहे. ‘मूल्य’ संस्कृत, ‘मोल’ हे त्याचेच तद्भव रूप. ‘किंमत’ मूळची अरबी, आपल्याकडे फारसीमार्गे आलेली. आपण ‘लोकशाही मूल्ये’ म्हणतो, तेथे ‘किमती’ चालत नाही; उलट दुकानात वस्तूचे मूल्य कोणी विचारत नाही. ही सीमारेषा पक्की नाही, हे मान्य केले पाहिजे, कारण ‘घरात त्याच्या शब्दाला किंमत नाही’ या वाक्यात पैशाचा संबंध येत नाही. तरीही तुमच्या टिपणात ती कसोशीने पाळावी, असा माझा आग्रह आहे. ज्या कलाकृतींविषयी तुम्ही लिहीत आहात, त्या या दोहोंमधल्या अंतरावरच बोट ठेवतात.

इटालियन कलावंत मौरित्सिओ कात्तेलान यांनी २०१९ मध्ये मायामीच्या कलाप्रदर्शनात भिंतीला चिकटपट्टीने लावलेले केळे मांडले आणि ते १,२०,००० डॉलरांना विकले गेले. विकत घेणाऱ्याच्या हाती राहते ते प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना. केळे नासले की दुसरे लावायचे. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात या कलाकृतीच्या एका प्रतीला ६२ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. येथे ‘किंमत’च लिहावी. ‘मूल्य ६२ लाख’ असे लिहिले, की कलावंताने उभा केलेला प्रश्न आपण परस्पर निकालात काढतो.

तुम्ही न विचारलेला ‘भाव’ हा शब्द मला याहून मोलाचा वाटतो. खंडेराव मार्केटात केळ्यांचा भाव डझनावर विचारतात; चित्राचा भाव सहसा कोणी विचारत नाही, कारण भाव ठरायला एकसारखे नग आणि एक ठरलेले माप लागते. पिएरो मान्झोनी या इटालियन कलावंताने १९६१ मध्ये नेमके तेच केले. ‘कलावंताची विष्ठा’ अशी चिठ्ठी लावलेले ९० डबे त्याने तयार केले, प्रत्येकावर ३० ग्रॅम असे वजन नोंदवले आणि तेवढ्याच वजनाच्या सोन्याला पडेल ती किंमत ठेवली. ‘सोन्याच्या भावाने’ हा आपला वाक्प्रचार येथे अक्षरशः लागू पडतो. कलावंताच्या नावाला बाजारात जो पैसा मिळतो तो वजनकाट्यावर आणून दाखवणे हा या कृतीचा गाभा असल्यामुळे, तिच्याविषयी लिहिताना ‘किंमत’ चालेल, पण ‘भाव’ अधिक नेमका ठरेल.

‘मूल्यांकन’ मात्र टाळावे. विम्यासाठी तज्ज्ञ जे करतो आणि समीक्षक जे करतो, त्या दोन्हींना हाच शब्द लावला जातो. पहिल्यासाठी ‘किंमत ठरवणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘मूल्यमापन’ असे वेगळे शब्द वापरल्यास वाचकाचा घोटाळा होणार नाही.