वाचकांचे प्रश्न : हिंबा मुलाला मदत करायचीय, पण कशी?

प्रश्न : नमस्कार ताई, मी इंदिरानगरला राहते. माझा भाचा नोकरीसाठी नामिबियात, विंडहोकला असतो. मागच्या सुट्टीत तो वर ओपुवोकडे फिरायला गेला होता, तिथे हिंबा लोकांच्या वस्तीत त्याला एक सातआठ वर्षांचा मुलगा भेटला, आई-वडील दोन्ही गेलेत, आजीजवळ राहतो. फोटो बघून आमच्या भिशीतल्या सगळ्याच बायकांना गलबलून आलं. दर महिन्याला काहीतरी पाठवायचं एवढं ठरलंय पण काही जणी म्हणतात त्याला शहरातल्या चांगल्या आश्रमात ठेवू, शिकेल तरी, त्या मातीच्या झोपडीत काय भविष्य आहे? मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते धड सांगताही येत नाही.

उत्तर : ताई, आजीजवळ राहतो हे तुम्हीच लिहिलंय की! म्हणजे पोराला घर आहे, त्याला तिथून उचलायचं कशाला? माझं स्पष्ट मत सांगते, आश्रमाचा विषय भिशीत पुन्हा निघूच देऊ नका.

हिंबा लोक नामिबियाच्या वायव्येला कुनेने भागात आणि नदीपलीकडे अंगोलात राहतात, गुरंढोरं, शेळ्यामेंढ्या हेच त्यांचं सगळं. त्यांच्यात प्रत्येक मूल एकाच वेळी दोन कुळांचं असतं, वडिलांच्या कुळाला ओरुझो म्हणतात आणि आईच्या कुळाला एआंदा. वडिलांच्या कुळाकडून पवित्र अग्नी येतो, ओकुरुवो. मुख्य झोपडी आणि गुरांचा वाडा यांच्या मधल्या जागेत तो असतो, घरातला कर्ता पुरुष तिथे बसून पूर्वजांशी बोलतो, घरातलं आजारपण, अडचण सगळं त्यांच्या कानावर घालतो. गुरं मात्र बहुतेक आईच्या कुळातून चालत येतात, म्हणजे मामाची गुरं भाच्याला. आता हे हक्क काही सातबाऱ्यावर चढवलेले नसतात, पोरगं वस्तीत वाढलंय, वासरांमागे हिंडलंय, चार माणसं त्याला अमक्याचा भाचा म्हणून ओळखतात, यावरच सगळं चालतं. तेच पोरगं दहा वर्षं शहरात आश्रमात राहिलं तर परत आल्यावर त्याला कोण ओळखणार आणि कुठला मामा गुरं देणार?

आणि आजीकडे राहणं ही तिथे काही बिचारेपणाची गोष्ट नाही. आईबाप धडधाकट असलेली मुलंसुद्धा आजीकडे, मावशीकडे वर्षानुवर्षं राहतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे माय मरो पण मावशी उरो म्हणतात ना, ते तिकडच्या माणसांना समजावून सांगायची गरजच पडणार नाही.

पण म्हणून सगळं आलबेल आहे असं अजिबात समजू नका. वडील गेले की त्यांच्या गुरांपैकी बरीचशी त्यांच्या आईकडच्या माणसांकडे जातात, भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे, स्वतःच्या मुलांच्या वाट्याला फारसं येत नाही. मुलाचा खरा आधार त्याचा मामा. तेव्हा भाच्याला आधी एवढं विचारायला सांगा की ही आजी आईची आई की वडिलांची, मामा आहे का, असेल तर त्याच्याकडे किती जनावरं उरलीत आणि घरात पीठ कोण आणतं. उरलीत असं मुद्दाम म्हणतेय कारण २०१३, २०१६, २०१९ आणि २०२४ अशी चारदा नामिबिया सरकारने दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर केलीय. हिंबांचं रोजचं जेवण म्हणजे आंबवलेलं दूध आणि मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, जनावर मेलं की दूध गेलं आणि पीठ तर विकतच आणायचं, मग एकट्या म्हातारीने आणखी एक तोंड कसं भरायचं? तुमची मदत इथे लागणार आहे. मक्याच्या पिठाची गोणी आजीच्या घरी पोचती करा, मामाला विचारून मुलाच्या नावाने दोनचार शेळ्या घेऊन द्या, त्या वाढल्या तर पोराचं स्वतःचं काहीतरी उभं राहील.

दुसरं काम कागदांचं, आणि भाचा तिथे आहे तर हे त्याने करावंच. नामिबियात अशा मुलांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांना सरकारकडून महिन्याला अनुदान मिळतं, पण मुलाचा जन्मदाखला, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, सांभाळणाऱ्याचं ओळखपत्र असं सगळं लागतं आणि लांबच्या वस्त्यांत नेमकं हेच नसतं. एखाद्या दिवशी आजीला गाडीत बसवून ओपुवोच्या सरकारी ऑफिसात नेऊन आणलं तरी तुमच्या कित्येक महिन्यांच्या पैशांपेक्षा जास्त काम होईल.

शाळेत जरूर पाठवा, फक्त आजी आणि मामाशी बोलून. हिंबा मुलांच्या डोक्यावर मागे सोडलेली एक वेणी असते, मुलींना दोन, कपाळावर पुढे आलेल्या. काही शाळांमध्ये केस कापायला लावतात, अंगावरचं सगळं उतरवून युनिफॉर्म घालायला लावतात आणि याबद्दल तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. तेव्हा शाळेत नाव घालण्याआधी ही चौकशी करा. हॉस्टेल असेल तर गादी, ब्लँकेट, साबण असलं सामान द्या, ते नसलं की मुलं शाळा सोडून घरी येतात.

आणि हो, तो फोटो ग्रुपवर फिरवू नका प्लीज. आपल्या नातवाचा फोटो असा कुणीही कुठेही टाकलेला तुम्हाला चालेल का?

प्रश्न : पैसे सगळ्यांचे एकत्र जमा करून एकीच्या खात्यातून पाठवले तर चालतील का? आणि टॅक्समध्ये सूट मिळते का? (याच भिशीतल्या दुसऱ्या ताई)

उत्तर : बँकेतूनच पाठवा, पॅन लागेल, परदेशात पैसे पाठवायचा फॉर्म बँकच भरून घेते. एकीने सगळ्यांचे पैसे गोळा करून स्वतःच्या नावाने पाठवायच्या आधी मात्र सीएला विचारा, उगाच तिच्या एकटीच्या डोक्याला ताप नको. सूट मिळणार नाही, ती फक्त भारतात नोंदलेल्या संस्थांना दिलेल्या देणगीसाठी आहे. पैसे थेट आजीच्या हातात रोख देण्यापेक्षा भाच्याने दुकानातून सामान घेऊन द्यावं, आणि ते देताना मामालाही तिथे बोलवावं, म्हणजे आजीवर पुढे कुणी संशय घेणार नाही.

प्रश्न : राग मानू नका पण आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात, पेठमध्ये आईबाप नसलेली मुलं कमी आहेत का? आफ्रिका कशाला? (सातपूर)

उत्तर : राग कशाचा, तुमचं म्हणणं खरंच आहे. त्या ताईंनी त्यांच्या पोराचं करावं आणि तुम्ही इकडचं हातात घ्या, दोन्ही व्हायला पाहिजे. आपल्याकडेही अशी मुलं आजीकडे, मामाकडेच असतात आणि त्यांना घरातच सांभाळता यावं म्हणून राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची, मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. आईवडिलांपैकी एकच गेलेलं असेल तरी अर्ज करता येतो. पण पाड्यावरच्या म्हातारीला हे अर्ज मंजूर करणारी बालकल्याण समिती म्हणजे काय, अर्ज कुठे द्यायचा हे सांगणारं कुणी नसतं, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक यासाठी एकदा तालुक्याला आणि एकदा नाशिकला खेपा मारायच्या तर तिची मजुरी बुडते. तुमच्याकडे गाडी आणि रविवारचा वेळ असेल तर एखाद्या आश्रमशाळेतल्या शिक्षकांना विचारून दोनचार मुलांची नावं घ्या, त्यांच्या घरी बसून अर्ज भरा आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात स्वतः नेऊन द्या, पोच घ्यायला विसरू नका. एखादं मूल अगदीच कुणाच्या आधाराशिवाय दिसलं तर थांबू नका, लगेच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.