ब्लेशनाप्फ म्हणजे कटोरा नाही

प्रश्न असा की हान्स फालाडाची १९३४ ची जर्मन कादंबरी आहे, 'वेर आइनमाल आउस डेम ब्लेशनाप्फ फ्रिस्ट', म्हणजे 'जो एकदा पत्र्याच्या वाडग्यातून खातो', पुढचं 'तो पुन्हा त्यातूनच खातो' आपण समजून घ्यायचं, वाडगा तुरुंगातला, तर हे नाव मराठीत कसं आणावं आणि 'फ्रिस्ट'ला नुसतं 'खातो' चालेल का.

पहिलं म्हणजे 'तुरुंगाची हवा खाल्ली की' हे कृपा करून नको. हल्ली बातम्यांत जो तो आत जाऊन हवा खातो नाहीतर सरकारी पाहुणचार झोडतो, वाचून वीट आलाय. हवा खाऊन माणूस घरी येतो हो! इथे कादंबरीचा नायक विली कूफाल्ट तुरुंगात पाच वर्षं काढून सुटतो, हॅम्बुर्गात पाकिटांवर पत्ते टाइप करून पोट भरायला बघतो, कुठेच धड रुजत नाही, आणि शेवटी परत आत गेल्यावर त्याला हायसं वाटतं. फालाडा स्वतः अफरातफरीपायी आत जाऊन आलेला, त्याला तो वाडगा चांगलाच ठाऊक होता.

कटोरा पण नको, तो भिकाऱ्याच्या हातात असतो. मी तर म्हणेन 'जर्मनचा वाडगा'. हसू नका. जर्मनचं पातेलं, जर्मलचा डबा म्हणजे ॲल्युमिनियमचा, हे जुन्या बायकांना सांगावं लागायचं नाही. आता काही जाणकार ठोकून देतात की ही भांडी जर्मनीहून यायची म्हणून जर्मन. अहो, १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत चॅटर्टन साहेबाने इथेच ॲल्युमिनियमची भांडी घडवायला घेतली होती, मग जर्मनीची बोट कशाला हवी? माझ्या मते हा 'जर्मन सिल्व्हर'चाच शेपूट तुटलेला शब्द, मोटारकारची मोटार झाली तसा. आणि त्या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी गुंजभर नाही! तांबं, निकेल आणि जस्त. मूळचा चिनी पाकतोंग, १८२० च्या दशकात जर्मन कारखानदारांनी त्याची नक्कल जमवली. खुद्द जर्मन लोक त्याला 'नॉयझिल्बर', नवी चांदी म्हणतात, म्हणजे तिकडे त्यात जर्मन नाही आणि आपल्याकडे त्यातली चांदी गेली, जर्मन तेवढा उरला. मग पांढरं, चकचकीत, हलकं ॲल्युमिनियम बाजारात आलं तेव्हा नाव तयारच होतं, नवीन कोण शोधत बसणार.

ब्लेश म्हणजे पत्रा, ॲल्युमिनियम नव्हे, हे कोणीतरी लिहिणारच. मान्य, पण 'पत्र्याचा वाडगा' म्हटलं की मला कोंबड्यांना पाणी ठेवलेलं दिसतं, पोचे पडलेलं जर्मनचं भांडं म्हटलं की रांगेत उभा माणूस दिसतो.

हां, 'फ्रिस्ट'. जर्मनमध्ये माणसं 'एस्सेन' करतात, जनावरं 'फ्रेसेन', आणि 'फ्रिस्ट' हे त्याचंच रूप, तेव्हा 'खातो' मिळमिळीत होईल. 'हादडतो'मध्ये मजा आहे, ती कूफाल्टला नाही. 'गिळतो' घाला, आई वैतागून 'गिळ एकदाचं' म्हणते त्यातलं.