सिटी ऑफ हीरोज या सुपरहिरोंच्या ऑनलाइन खेळात रोलप्ले सुरू करतोयस? मग हे वाच

रोलप्ले म्हणजे आपल्या पात्राच्या भूमिकेत शिरून चॅटमध्ये इतरांसोबत गोष्ट रंगवणं. तो करायचा असेल तर होमकमिंगचा (चाहते चालवतात ती या खेळाची आवृत्ती) एव्हरलास्टिंग सर्व्हर निवड, तशी मंडळी तिथेच जमतात. पॉकेट डी या खेळातल्या नाइटक्लबमध्ये चक्कर मार आणि आधी थोडा वेळ इतरांचं चॅट नुसतं वाचत बस.

पात्र मात्र स्वतःचं घडव. मार्व्हल कॉमिक्समधल्या पंजेवाल्या वुल्व्हरिनची नक्कल करायचा मोह होणारच, कॉमिक्सचं वेडच तसं असतं. पण अशाच नकलांवरून २००४ मध्ये मार्व्हलने या खेळाच्या कंपन्यांवर दावा ठोकला होता आणि आजही तिथे नक्कल चालत नाही. त्यापेक्षा वुल्व्हरिन तुला का आवडतो ते शोध. पंजे नव्हे, पुसला गेलेला भूतकाळ भिडत असेल, तर तेवढंच घे आणि बाकी सगळं नवीन रच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरच्याच्या पात्राचं काय होतं ते तू ठरवायचं नाहीस. ‘मी ठोसा मारतो आणि तू भिंतीवर आदळतोस’ असं लिहिलंस की लोक काढता पाय घेतात. ‘मी ठोसा उगारतो’ एवढंच लिही आणि थांब. चुकवायचा की खायचा, ते त्याला ठरवू दे.

आणि हो, पात्राच्या माहितीत सगळा इतिहास ओतू नकोस. बघणाऱ्याला दिसेल तेवढंच लिही: जळका हातमोजा, लंगडती चाल. बाकीचं लोक विचारतील तेव्हा सांग.