कोबानच्या दारात: वाचकांचे प्रश्न

जपानमधली ‘कोबान’ म्हणजे पोलीस चौकीच ना? मग तिचं एवढं काय?

चौकीच. एक-दोन खोल्या, दारावर लाल दिवा, जागा शक्यतो रेल्वे स्थानकाच्या तोंडाशी किंवा चौकात. ‘को’ म्हणजे आळीपाळीने आणि ‘बान’ म्हणजे पहारा, तेव्हा पाळी तिच्या नावातच आहे. १८७४ साली टोकियोत सुरुवात झाली आणि १८८८पासून ही व्यवस्था देशभर पसरली. सरकारी कागदावर तिचं नाव बरीच वर्षं ‘हाशुत्सुजो’ होतं. लोक मात्र कोबानच म्हणत राहिले, आणि १९९४ साली सरकारनेही तेच नाव घेतलं. आज अशा चौक्या सहा हजारांवर आहेत.

जवळजवळ तेवढीच ‘चुझाइशो’ खेड्यांत, डोंगरांत आणि बेटांवर आहेत. तिथे पोलीस कुटुंबासह चौकीतच राहतो. तो फेरीवर असताना दारी आलेल्या माणसाशी त्याची बायको बोलते, निरोप घेते, ठाण्याला फोन लावते. या कामाचा मोबदलाही तिला मिळतो. चुझाइशो अर्ध्याअधिक तिच्यावरच चालतं, असं म्हटलं तरी चालेल.

कोबानमध्ये येणारी बरीच माणसं तक्रार घेऊन नव्हे, पत्ता विचारायला येतात. जपानी पत्त्यात सहसा रस्त्याचं नाव नसतं. विभाग, गट आणि घर यांचे आकडे असतात. शेजारशेजारच्या घरांचे आकडे ओळीने असतीलच असंही नाही. म्हणून कोबानमध्ये भागाचा घरनिहाय नकाशा असतो. पत्ता सांगता सांगता पोलिसाला कोण कुठे जातंय ते कळतं, आणि लोकांना पोलिसाशी बोलायची सवय होते.

पोलीस घरी आला आणि कुटुंबाची माहिती भरायला कार्ड दिलं. भरावं का?

याला ‘जुनकाइ रेनराकु’ म्हणतात, म्हणजे घरोघरची फेरी. कार्डावर घरातल्यांची नावं, जन्मतारखा, नोकरीचं ठिकाण आणि तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं हे विचारतात. भूकंप झाला, अपघात झाला, एकटा राहणारा म्हातारा दार उघडेना, तर कोणाला फोन करायचा हे या कार्डावरून कळतं. कायद्याने सक्ती नाही. नको ती रकाने कोरी ठेवा, पण तातडीचा संपर्क तेवढा द्या, असं आम्ही सुचवू. तुम्ही घरी नसाल तर टपालपेटीत फेरी झाल्याची चिठ्ठी मिळू शकते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

घाबरायचं ते खोट्या पोलिसाला. दार उघडण्याआधी ओळखपत्र मागा. जपानी पोलिसाचं ओळखपत्र वर-खाली उघडतं, आत फोटो, नाव आणि बिल्ला असतो. नाव आणि कोबान विचारून घ्या आणि ठाण्याला स्वतः शोधलेल्या क्रमांकावर फोन करा, समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे. खरा पोलीस बँकेचा पिन, घरातली रोकड किंवा कार्ड मागत नाही. ‘तुमचं खातं गुन्ह्यात अडकलंय, पैसे दुसरीकडे हलवा’ असा फोन आला, किंवा व्हिडिओ कॉलवर कोणी अटकेचं वॉरंट दाखवलं, तर ती फसवणूकच. तातडी नसलेल्या सल्ल्यासाठी हॅश ९११० आणि तातडीला ११० लावा. आग किंवा रुग्णवाहिकेसाठी मात्र ११९.

पाकीट हरवलं. परत मिळतं म्हणतात, ते कसं?

मिळतं, पण कागद केला तर. जवळच्या कोणत्याही कोबानमध्ये ‘इशित्सु तोदोके’, म्हणजे हरवल्याची नोंद करा. केव्हा, कुठे, रंग, आत काय काय आणि रोख किती, हे जितकं नेमकं लिहाल तितकं चांगलं. ‘काळं पाकीट’ एवढंच लिहिणाऱ्याचं पाकीट शेकडो काळ्या पाकिटांत बुडतं. नोंदीचा क्रमांक जपून ठेवा. निवास कार्डही, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्रही, गेलं असेल तर तो लागतोच. निवास कार्ड हरवल्याचं कळल्यापासून १४ दिवसांत नव्यासाठी इमिग्रेशनकडे अर्ज करावा लागतो. गाडीत हरवलं असेल तर रेल्वेकडेही विचारा, कारण सापडलेली वस्तू आधी त्यांच्याकडेच असते आणि पोलिसांकडे नंतर जाते.

वस्तू कोबानमधून ठाण्यात आणि टोकियोत असेल तर पुढे ईदाबाशीतल्या पोलिसांच्या हरवलेल्या वस्तूंच्या केंद्रात जाते. २००७च्या डिसेंबरात सुधारित कायदा लागू झाल्यापासून ती तीन महिने ठेवतात. त्याआधी मुदत सहा महिने होती. छत्र्या, कपडे अशा स्वस्त वस्तूंची मात्र दोन आठवड्यांनंतरच विक्री होऊ शकते, तेव्हा छत्रीसाठी रेंगाळू नका.

लोक पाकीट आणून का देतात, याचं एक उत्तर संस्कारात आहे आणि दुसरं कायद्यात. दुसऱ्याची चर्चा कमी होते. सापडणाऱ्याने सात दिवसांत पोलिसांकडे दिलं तर मालकाकडून ५ ते २० टक्के बक्षीस मागण्याचा हक्क त्याला मिळतो. दुकानात किंवा गाडीत सापडलं तर २४ तासांत तिथल्या माणसाकडे द्यायचं; तेव्हा सापडणाऱ्याचा वाटा निम्मा होतो. मालक आलाच नाही तर वस्तू सापडणाऱ्याची. फोन, ओळखपत्र, बँक कार्ड यांना हे लागू नाही. बक्षीस नको असेल तर देतानाच हक्क सोडल्याचं सांगता येतं.

आणि हो, पाकिटाबरोबर घरी जायचं भाडंही गेलं असेल, तर टोकियोत कोबानमध्ये साधारण १,००० येनपर्यंत उसने मिळतात. अर्ज भरायचा आणि नंतर परत करायचे.

सायकलवर जाताना पोलीस सारखे थांबवतात. माझं काय चुकतंय?

बहुधा काही नाही. ते सायकलच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीचा नोंदणी क्रमांक वायरलेसवर विचारून मालकाचं नाव जुळतं का ते पाहतात. ही नोंदणी बंधनकारक आहे. नवी सायकल घेताना दुकानदारच ती करतो. टोकियोत ६६० येन, मुदत दहा वर्षं. घोटाळा होतो जुन्या सायकलींत. मायदेशी परतणाऱ्या मित्राने सायकल दिली आणि नोंद त्याच्याच नावावर राहिली, की तासभर रस्त्यात उभं राहावं लागतं. त्याच्याकडून हस्तांतराचा सहीचा कागद आणि जुन्या नोंदणीची पावती घ्या, मग सायकलच्या दुकानात नोंद आपल्या नावावर करा. कचऱ्याशेजारी टाकलेली सायकल उचलणं हा गुन्हा ठरू शकतो. सोळा वर्षांवरच्या परदेशी रहिवाशाने निवास कार्ड सतत जवळ ठेवायचं. नसेल तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

कोबानमुळेच जपानमध्ये गुन्हे कमी आहेत का?

‘मुळेच’ म्हणायला आम्ही तयार नाही. २००२ साली नोंदलेले गुन्हे २८ लाखांवर गेले, तेव्हाही कोबान होत्याच. २०२१मध्ये ते पावणेसहा लाखांच्या आत आले, तेव्हाही त्याच होत्या. मधल्या काळात कुलपं सुधारली, कॅमेरे वाढले, रहिवासी मंडळांच्या निळ्या दिव्यांच्या गाड्या गस्त घालू लागल्या. रस्त्यात अडचणीत सापडलेल्या मुलांना आसरा देणाऱ्या घरांवर ‘११०’च्या पाट्या लागल्या. कोबान या सगळ्यांची खुंटी आहे. सिंगापूरने १९८३ साली हीच पद्धत घेतली आणि १९९७पासून छोट्या चौक्यांच्या जागी मोठ्या केंद्रांवर भर दिला. एकेका खोलीत माणसं बसवून ठेवणं परवडत नाही, हे गणित जपानलाही चुकलेलं नाही.

कोबानमध्ये गेले तर कोणीच नव्हतं. आता?

टेबलावरचा फोन उचला, तो थेट ठाण्यात लागतो. पोलीस गस्तीवर किंवा अपघाताच्या जागी असतो. काही ठिकाणी निवृत्त पोलीस सल्लागार म्हणून बसतात. ते नोंद घेतात, रस्ता सांगतात, पण अटकेचा अधिकार त्यांना नाही. काउंटरवर पारदर्शक आडोसा दिसला तर नवल नको. २०१८मध्ये तोयामा आणि सेंदाईत कोबानमधले पोलीस मारले गेले, २०१९मध्ये ओसाकाजवळच्या सुइतात एकाला भोसकून पिस्तूल पळवलं. तेव्हापासून दार पूर्वीसारखंच उघडं असलं, तरी आतला पोलीस अंगात संरक्षक जाकीट घालून बसतो.