अर्जातला ‘समाजाला उपयोग’ हा रकाना

तरुण शास्त्रज्ञांच्या पुरस्कारासाठी अर्ज भरतोयस ना? मग ‘समाजाला उपयोग’ हा रकाना शेवटच्या रात्रीवर ढकलू नकोस. बरेच जण तिथे ‘कर्करोगावर उपचार शक्य’ असं ठोकून देतात आणि परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं.

लेसरवर काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांचं बघ. पीएचडी करतानाच, १९८५ साली, मार्गदर्शक जेरार मुरू यांच्यासोबत त्यांचा पहिला शोधनिबंध आला. त्यातली कल्पना अशी: लेसरचा स्पंद, म्हणजे क्षणभराचा प्रकाशझोत, आधी ताणायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची, शेवटी पुन्हा आखूड करायचा. ताणल्याने त्याची तीव्रता उतरते, त्यामुळे ऊर्जा वाढवणाऱ्या उपकरणाला इजा होत नाही. बस, एवढंच! डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत हे तंत्र नंतर पोहोचलं. नोबेल तर २०१८ मध्ये.

म्हणून आज काय जमतंय आणि वापरात यायला कोणती पायरी बाकी आहे, हे वेगवेगळं लिही. उद्या तुझी पद्धत फक्त दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेतच वापरली जाणार असेल, तरी तसंच सांग. माझ्या मते तोही उपयोगच. पेटंटचे आकडे मात्र उगाच मिरवू नकोस. ते पेटंट वापरायचा परवाना कुणी घेतलाय का, हा प्रश्न येणारच. आणि मसुदा विषयाबाहेरच्या कुणाला तरी वाचायला दे. तो जिथे अडखळेल, ते वाक्य बदल.