पावसाळ्यात वाळूतले जीव जातात कुठे?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही मालवणला गेलो होतो. किनाऱ्याच्या वाळूत डोळ्यांना न दिसणारे प्राणी राहतात, असं मी मुलीला सांगितलं. तिनं लगेच विचारलं, ‘मग पावसाळ्यात त्यांचं काय होतं?’ मला काही सांगता आलं नाही.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी मुलीला माझ्याकडून शाब्बासकी द्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना असा प्रश्न आला की मला तास अपुरा पडायचा.

या प्राण्यांना मायोफॉना म्हणतात. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून ते गळतात, पण ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीवर अडकतात. उथळ समुद्राच्या तळाशी एका चौरस मीटरमध्ये त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात सहज जाते. त्यात सर्वांत जास्त असतात सूत्रकृमी, आणि त्यांच्या खालोखाल बहुधा हार्पॅक्टिकॉइड नावाचे चिमुकले कवचधारी.

थंड प्रदेशांत यांचं वर्ष तापमानावर चालतं. आपल्या किनाऱ्यावर मात्र मोसमी पाऊस ठरवतो. जूनपासून लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात, तिच्याबरोबर हे जीवही उचलले जातात. शिवाय गोडं पाणी येतं. गगनबावड्याच्या माथ्यावरचा पाऊस आपल्या बाजूला उतरला तर पंचगंगेतून कृष्णेला मिळतो, पण पलीकडे कोकणात उतरला तर थेट अरबी समुद्रात. एरवी लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असलेलं पाणी खाड्यांच्या तोंडाशी अगदी अळणी होतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोलातलं, प्राणवायू कमी असलेलं पाणीही किनाऱ्याकडे वर सरकतं. हार्पॅक्टिकॉइडांना हे सोसत नाही. सूत्रकृमींच्या कित्येक जाती मात्र तग धरतात, त्यामुळे पावसाळ्यात एकूण संख्या घटते तसा जातींचा मेळही बदलतो.

सगळे मरत नाहीत, हे मुलीला आवर्जून सांगा. काही खाली सरकतात, काही वाहून दुसरीकडे स्थिरावतात. उरलेल्यांवर वस्ती पुन्हा उभी राहते, कारण यांतल्या बऱ्याच जातींची पिढी काही आठवड्यांत पुरी होते. सूत्रकृमींची पिल्लं पाण्यात तरंगत फिरत नाहीत, अंड्यातून निघतात ती तिथेच वाळूत. ऑक्टोबरनंतर समुद्र निवळतो, वाळू परत येते, तिच्यावर डायटम या सूक्ष्म शैवालाचा थर धरतो आणि खाण्याची ददात मिटते. पश्चिम किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी पावसाळ्याआधीच्या महिन्यांत संख्या सर्वांत जास्त सापडते. म्हणजे तुम्ही गेलात तो मोसम भरगच्चच होता.

पुढच्या वेळी भरतीच्या रेषेखालची मूठभर वाळू समुद्राच्याच पाण्यासह बरणीत आणा. आणताना उन्हात ठेवू नका आणि कोल्हापुरात पोचलात की त्याच दिवशी बघा. थोडी वाळू भांड्यात घेऊन नळाचं पाणी ओता. गोड्या पाण्याच्या धक्क्यानं जीव वाळूच्या कणांवरची पकड सोडतात. भांडं गरगर फिरवा, वाळू खाली बसू द्या आणि वरचं पाणी लगेच बारीक रेशमी कापडातून गाळा. कापडावर उरेल ते थेंबभर समुद्राच्या पाण्यात झटकून शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. सूत्रकृमी ओळखायला सोपे : अंगात फक्त लांबीच्या दिशेचे स्नायू, म्हणून ते एकाच पातळीत सळसळ वळवळतात, आखडत किंवा लांबत नाहीत. एखादी हार्पॅक्टिकॉइड मादी मागे अंड्यांची पिशवी घेऊन जाताना दिसली, तर मुलीला ती नीट रेखाटून घ्यायला सांगा. दिवाळीनंतर त्याच जागेची वाळू आणून दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि मला कळवा.